वैशाखातला नाथसागर आणि शिवडा

उन्हाळ्यात धरण आटले की मासे आयतेच हाती लागतात, अशी समजूत छत्रपती संभाजीनगरातल्या माझ्या बहुतेक सहकाऱ्यांची आहे. पाणी कमी झाले म्हणजे मासा एका जागी गोळा झाला आणि आता तो फक्त उचलायचा, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. गावाजवळच्या पाझर तलावापुरता तो काही अंशी खराही आहे. नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, अफाट आहे; तिथे मात्र वैशाखातली मासेमारी ही वर्षातली सर्वांत अवघड मासेमारी असते आणि तिच्यातही शिवडा या मोठ्या शिकारी माशाच्या मागे जाणे सर्वांत अवघड. आमचे घर भोयांचे. माझे धाकटे चुलते, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, आजही परवान्यावर जायकवाडीच्या पाण्यात होडी घालतात. नोकरीपायी मी शहरात राहत असलो, तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या होडीत बसल्याशिवाय माझा वैशाख सरत नाही.

पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. पूर्ण भरल्यावर त्यात सुमारे १०२ टीएमसी पाणी मावते आणि ते जवळजवळ ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. मासेमारीच्या दृष्टीने या दोन आकड्यांतला दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. गोदावरीचे खोरे इथे सपाट असल्यामुळे हा जलाशय बशीसारखा उथळ आहे आणि म्हणून पाण्याची पातळी थोडी जरी खाली गेली, तरी काठ पुष्कळ आत सरकतो. डाव्या कालव्याचे आवर्तन सुरू असते, उजव्या कालव्यातून माजलगावकडे पाणी जात असते, शहरांचा आणि कारखान्यांचा उपसा चालूच असतो, आणि त्यात वैशाखाचे ऊन रोज आपला वाटा उचलत असते. मार्चमध्ये जिथे आमची होडी तरंगत होती, तिथे मे महिन्यात गाळपेऱ्याची, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेली, टरबुजे पिकलेली दिसतात.

पाणी असे मागे हटू लागले की मासा त्याच्याबरोबर निमूटपणे मागे हटतो असे नाही. फुगवट्याच्या उथळ फाट्यांत शिरलेल्या माशाला पातळीतला फरक आपल्याआधी कळतो. तात्या संध्याकाळी काठावर, पाण्याच्या अगदी कडेला, बाभळीची एक खुंटी ठोकतात आणि पहाटे पहिल्यांदा ती बघतात. खुंटीपासून पाणी फारसे सरकले नसेल, तर फाट्यात जाळे टाकायला हरकत नाही. वीतभर ओला गाळ उघडा पडला असेल, तर तो फाटा त्या दिवसापुरता सोडून द्यायचा, कारण मोठा मासा रात्रीच तिथून निघून जुन्या नदीपात्राच्या खोलीकडे गेलेला असतो. पाण्याखालचे गोदावरीचे ते मूळ पात्र, त्याचे वळण, बुडालेल्या गावांच्या विहिरी आणि पडक्या भिंती कुठे आहेत, हे तात्यांना काठावरच्या झाडांच्या आणि देवळांच्या खुणांवरून ठाऊक आहे. धरण होण्याआधी त्यांच्या वडिलांनी त्या वाटांवरून पायी ये-जा केलेली होती.

उष्णतेचा परिणाम याहून खोलवर होतो. वीस अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. तेच पाणी तीस अंशांवर गेले की हे प्रमाण साडेसातच्या आसपास उतरते. उलट पाणी तापले की माशाच्या शरीराची गरज वाढते, कारण त्याच्या रक्ताचे तापमान पाण्याबरोबरच चढते. म्हणजे ज्या वेळी जास्त लागतो, नेमका त्याच वेळी प्राणवायू कमी मिळतो. त्यातही दिवसा पाण्यातले शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती प्राणवायू तयार करतात, रात्री त्या स्वतःच तो वापरतात, त्यामुळे पहाटेच्या सुमारास साचलेल्या, वारा नसलेल्या कोपऱ्यांतले पाणी सर्वांत गुदमरलेले असते. मत्स्यतळे राखणारा कोणीही सांगेल की मासे तोंड वर काढून हवा घेऊ लागतात ते पहाटेच. नाथसागरात यावर एकच उतारा आहे, तो म्हणजे वारा.

दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. जलाशय पश्चिमेकडून पूर्वेकडे लांबत पैठणला येऊन थांबत असल्यामुळे या वाऱ्याला मोकळे रान मिळते आणि धरणाच्या भिंतीच्या बाजूला चांगल्या पुरुषभर लाटा उठल्यासारख्या वाटतात. त्या वेळी होडीत कोणी राहायचे नाही, हा आमच्या घरातला नियम आहे आणि तो मोडलेला मी पाहिलेला नाही. परंतु याच वाऱ्याने पाणी वरखाली ढवळून निघते, त्यात हवा मिसळते आणि ज्या काठावर लाटा आपटतात तिथला गाळ उकलून गढूळ पट्टा तयार होतो. लहान चिलापी, चालट आणि झिंगे अन्नाच्या शोधात या पट्ट्याकडे येतात. संध्याकाळी वारा पडू लागला की पाणकावळे आणि नदीसुरय हे मासे खाणारे पक्षी कुठे गर्दी करतात ते पाहायचे. तिथे बारीक मासा आहे हे नक्की समजावे. जिथे बारीक मासा आहे, तिथे अंधार पडल्यावर शिवडा येणार, एवढे सोपे हे गणित आहे. अवघड आहे ते गढूळ पट्टा आणि खोल पाणी यांची हद्द अंधारात नेमकी गाठणे. शिवडा त्या हद्दीवरच फिरतो. उथळात तो फक्त खाण्यापुरता चढतो आणि पोट भरले की पुन्हा उतरतो.

एकदा दिवस मावळायच्या आतच गळ बांधलेले दोर टाकू या, म्हणजे उजेडात काम सोपे होईल, असे मी सुचवले होते. तात्यांनी हात पाण्यात बुडवून पाहिला आणि म्हणाले, "पाणी निवल्याबिगर शिवडा हलत न्हाई. बस थोडा." आम्ही बसून राहिलो. काठावरच्या वस्तीतले दिवे लागले, हवेतला फुफाटा खाली बसला, आणि पाण्याचा हाताला लागणारा कोमटपणा खरोखरच कमी झाल्यावर त्यांनी वल्हे उचलले.

शिवड्यासाठी आम्ही जाळ्यापेक्षा गळांच्या दोरावर अधिक भिस्त ठेवतो. रोहू किंवा मृगळ जाळ्याच्या घरात, म्हणजे भोकात, डोके घालतो, त्याचे खवले आणि कल्ले धाग्यात अडकतात आणि तो तिथेच राहतो. शिवड्याच्या अंगावर खवले नसतात. त्याचे अंग इतके बुळबुळीत असते की मोठ्या घरातून तो निसटतो आणि अडकलाच तर दातांनी तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, कुरतडून मोठे भगदाड पाडून जातो. त्याचा जबडा जवळून पाहिलेला माणूस तो विसरत नाही. तोंडाची चीर डोळ्याच्याही मागे गेलेली असते आणि आत बारीक दातांच्या पट्ट्या असतात. ते दात आतल्या बाजूला कललेले असल्यामुळे एकदा आत गेलेले बाहेर येणे कठीण असते. डोळे त्या मानाने लहान. मिशांच्या दोन जोड्या असतात, त्यांतली वरची जोडी लांबच लांब, आणि गढूळ पाण्यात त्याचा सगळा कारभार या मिशांवर आणि वासावर चालतो. म्हणून आमिष ताजे लागते. तात्या जिवंत चालट किंवा लहान चिलापी पाठीच्या पंखाखाली गळ घालून लावतात, अशा बेताने की ती रात्रभर हलत राहावी. मेलेल्या आमिषाला शिंगटा येतो, वाम येते, पण मोठा शिवडा क्वचितच.

पहाटे दोर उचलताना हाताला जे कळते ते सांगणे कठीण आहे, तरी प्रयत्न करतो. रोहू लागलेला असेल तर दोर थरथरतो. शिवडा असेल तर आधी काहीच कळत नाही, दोर नुसता जड लागतो, बुडालेल्या झाडाच्या खोडाला अडकल्यासारखा. मग होडी जवळ गेली की ते खोड सावकाश बाजूला वळते. घाई केली तर दोर तुटतो, म्हणून तात्या त्याला दोन-तीनदा खाली जाऊ देतात आणि प्रत्येक वेळी थोडा दोर परत घेतात. वर आलेला मासा पहाटेच्या उजेडात चांदीसारखा न दिसता फिकट राखी दिसतो, पोटाकडे पांढरा, आणि त्याच्या शेपटीपर्यंत गेलेला खालचा लांब पंख एकसारखा लहरत असतो.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात असतो आणि त्यालाही पाण्याची ओढ घरातूनच मिळालेली आहे. तिथे मिल लॅक्स नावाचे एक मोठे सरोवर आहे, सुमारे ५३० चौरस किलोमीटरचे, आणि एवढ्या विस्ताराला त्याची खोली जेमतेम बेचाळीस फूट. म्हणजे नाथसागरासारखेच पसरट आणि उथळ पाणी. तिथले लोक वॉलआय नावाच्या शिकारी माशासाठी उन्हाळाभर होड्या घेऊन फिरतात. या माशाच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधूक उजेडात आणि गढूळ पाण्यात त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. म्हणून तो सांजेला, रात्री किंवा वाऱ्याने पाणी खवळलेले असताना खातो, आणि लख्ख उन्हात खोल जाऊन बसतो. सरोवराच्या मध्यभागी चिखलाचे उंचवटे आहेत. जूनच्या सुमारास त्या चिखलातून मेफ्लाय या कीटकांच्या अळ्या वर येऊ लागल्या की वॉलआय तिथे जमतात आणि तिथले मच्छीमार बारीक गळाला जळू लावून त्यांच्या मागे लागतात. पुतण्याने हे सगळे फोनवर सांगितले तेव्हा तात्या मन लावून ऐकत होते. त्यांना त्यात काहीच परके वाटले नाही. जळवेचे तेवढे त्यांना पटले नाही.

त्यांनी एकच प्रश्न विचारला: "तो मासा अंडी कवा घालतो?" पुतण्याने सांगितले की बर्फ वितळल्याबरोबर, एप्रिलच्या आसपास, आणि वॉलआयची मासेमारी कायद्याने मेच्या मध्याला खुली होते, म्हणजे अंडी घालून झाल्यावर. तात्या बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आपलं उलटं हाय."

मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. तिथला उन्हाळा माशाचा विणीचा काळ संपल्यावर येतो आणि आमचा उन्हाळा तो सुरू होण्याच्या तोंडावर असतो. मृगाचा पाऊस पडून नद्यांना नवे पाणी आले की शिवडा त्या पाण्यावर चढतो आणि उथळ गवताळ भागात अंडी घालतो. ज्येष्ठात सापडणारी मोठी मादी पोटात अंडी घेऊनच सापडते. रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, तरी दरवर्षी जलाशयात सोडली जातात. शिवड्याचे बीज कोणी सोडत नाही, कारण तो ती बोटुकलीच खातो. म्हणजे शिवड्याने आपली संख्या स्वतःच राखायची आहे आणि ती राखणाऱ्या माद्या आम्ही नेमक्या त्याच्या आधीच्या महिन्यात, पाणी सर्वांत कमी असताना काढतो आहोत. आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या यादीत हा मासा आता 'असुरक्षित', म्हणजे संकटात सापडलेल्या, जातींमध्ये धरला जातो. काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना त्यासाठी यादी लागत नाही. माणसाच्या उंचीचे शिवडे ते त्यांच्या तरुणपणी खांद्यावरून आणत आणि आता तेवढा मासा निघाला तर गावभर चर्चा होते.

व्यापारी मोठ्या माशाला अधिक भाव देतो, बर्फाच्या खोक्यात तोच आधी जातो, आणि ज्याच्या घरी मुलीचे लग्न आहे किंवा शाळेची फी भरायची आहे, त्याला अंड्यांची गोष्ट सांगायला मला जीभ उचलत नाही. बंदी घालणे सोपे आहे, पण विणीच्या दोन महिन्यांत भोयाच्या घरात काय शिजणार याचे उत्तर बंदीच्या कागदात असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्याहून आधी करता येण्याजोगे काम म्हणजे बारीक घराची जाळी थांबवणे. मच्छरदाणीसारख्या जाळ्यात वीतभर शिवडेही येतात आणि सोडलेली बोटुकलीही, आणि असा माल किलोवर कवडीमोलाने जातो. त्यात कोणाचेच घर चालत नाही.

फाटलेल्या तंगूसबद्दलही लिहिले पाहिजे. पाणी ओसरल्यावर खुंटांना आणि भिंतींना अडकलेली जाळी उघडी पडतात. नायलॉन कुजत नाही. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि त्या चिखलावर चरायला उतरलेल्या पक्ष्याच्या पायात असा तुकडा गुंतलेला मी पाहिला आहे. तात्या होडीत एक पोते ठेवतात आणि दिसेल ते जाळे कापून त्यात घालतात; माझे चुलतभाऊही आता तसेच करतात.

यंदा आमच्या घरात ठरले आहे ते असे. रोहिणी नक्षत्र लागायच्या आत गळांचे दोर गुंडाळून ठेवायचे आणि त्यानंतर पाऊस स्थिरावेपर्यंत फक्त मोठ्या घराच्या जाळ्याने चिलापी धरायची. चिलापी वर्षातून अनेकदा विते आणि इथे तिची काही कमतरता नाही. त्याआधीही दोराला पोट फुगलेली मादी आली आणि ती तरतरीत असली, तर गळ कापून तिला सोडायचे. धाकट्या चुलतभावाने यावर थोडी कुरकुर केली, कारण गेल्या वैशाखात त्याच्या दोराला लागलेल्या अशाच एका माशाने त्याचा होडीच्या दुरुस्तीचा खर्च निघाला होता. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. तरी त्याने होकार दिला आहे. त्याची भरपाई म्हणून मेमधल्या पहिल्या अंधाऱ्या पंधरवड्यात, पाणी निवल्यावर, जुन्या पात्राच्या वळणावरची जागा त्याला द्यायची, असे तात्यांनी सांगून टाकले आहे.