काटापट्टी ते चुकारा: डेटा मॅपिंगचा माझा अनुभव

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या कापूस खरेदीचा हिशेब मी अपाची हॉप या मोफत सॉफ्टवेअरवर बसवला. एका बाजूला संकलन केंद्रांवरच्या काटापट्ट्यांची, म्हणजे वजनाच्या पावत्यांची, एक्सेल, सभासदांची यादी आणि उचलीची, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांची, वही. दुसऱ्या बाजूला बँकेला द्यायची चुकाऱ्यांची, म्हणजे मालाच्या पैशांची, फाईल. इकडचा कोणता रकाना तिकडे कुठे आणि कसा जातो हे ठरवणं म्हणजे डेटा मॅपिंग. मधलं काम पडद्यावर चौकोन मांडून, त्यांना रेघांनी जोडून होतं. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालतं. पण कोणता चौकोन काय मागतो हे माहीत नसेल, तर चित्र बरोबर दिसतं आणि पैसे चुकीच्या खात्यात जातात.

चौकोनाला ट्रान्सफॉर्म म्हणतात, रेघेला हॉप आणि सगळ्या चित्राला पाइपलाइन. पाइपलाइन सुरू केली की सगळे चौकोन एकदमच सुरू होतात आणि ओळी पाटाच्या पाण्यासारख्या वाहत राहतात. डावीकडचं काम पूर्ण आटोपल्यावरच उजवीकडचं लागतं, असं नाही. म्हणून 'आधी जुनी फाईल हलव, मग नवी लिही' अशी क्रमाची कामं इथे टाकू नका, त्यासाठी वर्कफ्लो वेगळा असतो. एका चौकोनातून दोन रेघा काढल्या तर ओळी दोन्हीकडे कॉपी होणार की वाटून जाणार, तेही बघून घ्या. वाटप लागलं असेल तर निम्मे कास्तकार एका फाटीला, निम्मे दुसऱ्या. चूक कुठेच लाल दिसत नाही.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो पहिल्या चौकोनापाशी, म्हणजे एक्सेल वाचताना.

गट क्रमांक घ्या. कुणी १२/१ टाइप केलं की एक्सेल त्याची १२ जानेवारी करून टाकतं. २०२४ साली ते लिहिलं असेल तर आत साठतो ४५३०३ हा आकडा. नंतर कॉलमचा प्रकार टेक्स्ट केला तरी १२/१ परत येत नाही, उलट ४५३०३ डोळ्यांसमोर येतं. ११२/३ मात्र तसाच राहतो, कारण तशी तारीख होत नाही. शेकडो ओळींत थोडेच बिघडतात, म्हणून चटकन लक्षात येत नाही. उपाय एकच: कोरी फाईल केंद्रावर देण्याआधीच तो कॉलम टेक्स्ट करून द्यायचा. बिघडलेले गट सातबारा समोर ठेवून पुन्हा भरायचे.

खाते क्रमांकाचंही तेच. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा अचूक धरतं, १६ अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीची शून्यं तर लगेच उडतात. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं नेहमी शून्य असतं. तिथे हटकून इंग्रजी 'ओ' टाइप होतो. मी रेगेक्स इव्हॅल्युएशनचा, म्हणजे मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का ते बघणारा, चौकोन लावून पहिली चार अक्षरं, मग शून्य, मग सहा अक्षरं किंवा अंक, एवढंच तपासतो. सगळ्यात जास्त चुका याच एका चौकोनाने पकडल्या.

नावांची गोष्ट आणखी बारीक आहे. वऱ्हाडे हे आडनाव दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकात ऱ हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, सॉफ्टवेअरच्या लेखी दोन वेगळी माणसं. ॲ चंही तसंच. वेबसाइटवरून चिकटवलेल्या नावामागे जी न तुटणारी मोकळी जागा येते, ती साध्या ट्रिमने, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा छाटण्याच्या सोयीने, जात नाही. देवनागरी अंकांत भरलेलं वजन आकडा म्हणून वाचलं जाईलच असं धरू नका. मी ते आधी मजकूर म्हणून घेतो. रिप्लेस इन स्ट्रिंग या मजकूर बदलणाऱ्या चौकोनात या सगळ्या बदलांची यादी एकदाच करून ठेवली आणि प्रत्येक फाईल आधी त्यातून काढतो.

एवढं करूनही नावावर जोडणी करू नका, म्हणजे काटापट्टीची ओळ सभासद यादीतल्या ओळीशी नाव बघून लावू नका. जोडणीची किल्ली म्हणजे सभासद क्रमांक, आणि गावासाठी २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी गाव कोड. पिंपळगाव, वडगाव, खैरी ही गावं तालुक्यागणिक सापडतात. शिवाय कुणी 'बु.' लिहितं, कुणी 'बुद्रुक', कुणी 'बुजुर्ग'. तालुक्याच्या रकान्यात केळापूरऐवजी पांढरकवडा येतं, कारण तालुक्याचं गाव तेच. असल्या ठरावीक बदलांना व्हॅल्यू मॅपर, म्हणजे 'हे आलं तर ते लिही' असा चौकोन, पुरतो. त्यात न जुळलेल्यासाठीची किंमत रिकामी सोडू नका, 'सापडलं नाही' असं लिहा. राहण्याचं गाव आणि वावराचा मौजा, म्हणजे महसुली गाव, हे दोन वेगळे रकाने ठेवा. बरीच वावरं रिठी मौजात असतात, तिथे वस्ती नसते पण महसुली नोंद असते. सुरुवातीला एकच रकाना ठेवला होता, त्यामुळे क्षेत्राची जुळणी सतत अडत होती.

क्षेत्र सातबाऱ्यावर १.२०.०० असं असतं: एक हेक्टर, वीस आर, शून्य चौरस मीटर. दोन टिंबांचा हा आकडा सॉफ्टवेअरला कळत नाही. स्प्लिट फील्ड्सने तीन तुकडे करायचे आणि हेक्टर अधिक आर भागिले १०० अधिक चौरस मीटर भागिले १०,००० असं जोडायचं. कुणी नुसतं १.५ लिहिलं असेल तर ते एक हेक्टर पाच आर की दीड हेक्टर, हे कोणताही चौकोन सांगू शकत नाही. ती ओळ थांबवून विचारूनच घ्यावी लागते.

जोडणीसाठी मी स्ट्रीम लुकअप वापरतो, म्हणजे किल्लीवरून दुसऱ्या यादीतली ओळ शोधणारा चौकोन. दोन्ही बाजूंच्या किल्लीचा प्रकार एकच हवा. एक्सेलमधून आकडा म्हणून आलेल्या कोडचा मजकूर करताना मागे '.०' चिकटतं आणि एकही ओळ जुळत नाही. यादीत एक सभासद क्रमांक दोनदा असेल तर लुकअप त्यातली एकच ओळ उचलतो आणि काहीच बोलत नाही. म्हणून यादी आधी युनिक रोज या दुबार ओळी गाळणाऱ्या चौकोनातून काढा. मर्ज जॉईन (दोन याद्या जोडणारा), ग्रुप बाय (गटवार बेरीज करणारा) आणि युनिक रोज या तिघांनाही ओळी आधी सॉर्ट करून, म्हणजे क्रमाने लावून, लागतात. एक्सेलमध्ये लावलेल्या क्रमावर भिस्त ठेवू नका, सॉर्ट रोज पाइपलाइनमध्येच लावा. न लावता ग्रुप बाय केलं की एकाच कास्तकाराच्या दोन-तीन बेरजा निघतात आणि चुकारा तुकड्यातुकड्यांत जातो.

हिशेबाचा चौकोन सोपा: वजन गुणिले भाव, वजा हमाली, वजा उचल. वजन किलोत असेल आणि भाव क्विंटलचा, तर १०० ने भागायला विसरू नका. पण रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. ज्याने उचल घेतलीच नाही त्याचा रकाना रिकामा असतो, आणि रिकामा रकाना वजा केला की उत्तरही रिकामं येतं. म्हणजे ज्याची काहीच देणी नाहीत, नेमका त्याचाच चुकारा यादीतून जातो. हिशेबाच्या आधी इफ नल लावून तिथे शून्य भरा.

न जुळलेल्या ओळी फिल्टर रोजने बाजूला काढून वेगळ्या फाईलमध्ये लिहा, शेजारी कारण टाका: खाते नाही, कोड चुकला, सभासद नाही. ही फाईल केंद्रावर परत गेली पाहिजे, कारण मूळ काटापट्टी तिथे आहे. दुरुस्ती तिथेच करून घ्यायची, पाइपलाइनमध्ये एकेका माणसासाठी ठिगळ लावायचं नाही.

बँकेची फाईल लिहिताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, बँकेने सांगितलेलं निवडा. आमच्याकडे नावं इंग्रजीतच लागतात, तरी आतल्या सगळ्या फाईली यूटीएफ-८ मध्येच ठेवतो, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. फाईल पाठवण्याआधी तीन बेरजा कागदावर मांडतो: काटापट्ट्यांचं एकूण वजन, बँकेच्या फाईलमध्ये गेलेलं वजन, बाजूला काढलेलं वजन. शेवटच्या दोन्हींची बेरीज पहिल्याइतकी किलोला किलो आली तरच फाईल जाते.