तुम्ही विचारलेत म्हणून : शिकारीच्या सुरीला पोलाद कोणते?

हाताने घडवायच्या शिकारीच्या सुरीसाठी सर्वांत चांगले पोलाद कोणते, असे मला सतत विचारले जाते, आणि मी १०८४, म्हणजे साधे कार्बन पोलाद, म्हटले की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, कारण त्याला डी२ हे मिश्र पोलाद ऐकायचे असते. डी२ला मी नावे ठेवत नाही. त्यात सुमारे १२ टक्के क्रोमियम असते आणि कातडे सोलताना त्याची धार खरोखर टिकते. पण ते कडक करायला १००० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान नेमके धरून ठेवावे लागते, आणि ते कोळशाच्या भट्टीत नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने साधत नाही. १०८४ ला ८१५ अंशांच्या आसपास पुरतात. पाते चुंबकाला चिकटेनासे झाले की थोडे आणखी तापवायचे, कोमट तेलात सरळ उतरवायचे आणि लगेच २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा टेम्परिंग करायचे, म्हणजे ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून पुन्हा तापवायचे.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, मग गाडीचा जुना पाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी, का नको? पूर्वी मीच सांगत असे की पाट्यासारखे पोलाद नाही. पुढे एकांनी वडिलांच्या गाडीचा पाटा आणून दिला. त्यांना त्याचीच सुरी हवी होती. मी पाते घडवले, तीन वेळा लाल करून हवेत निवू दिले आणि मग तेलात घातले. ‘टक्’ असा बारीक आवाज आला. धारेपासून पात्याच्या मध्यापर्यंत तडा होता. पाते शेगड्यात धरून मी ते तिथेच मोडले. नवा मोड फिकट राखाडी आणि अगदी बारीक कणांचा होता, म्हणजे पाते जास्त तापलेले नव्हते. तड्याची बाजू मात्र काळी होती, तिच्यावर भट्टीतली, म्हणजे लाल तापलेल्या पोलादावर हवेने धरणारी, खपली होती. तडा तेलात गेला असता तर तिथे खपली धरलीच नसती. वर्षानुवर्षे ओझ्याखाली वाकणाऱ्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, तशीच ही एक असावी, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी विचारले, “म्हणजे दोष पोलादाचाच ना?” मी हो म्हणालो.

ते उत्तर मला आजही पुरेसे वाटत नाही. लाली उतरत असताना घण बसला तरी चीर पडते, आणि पुढच्या तापात तिच्यावरही तशीच काळी खपली धरते. त्या खपलीवरून चीर पाट्यातली की ऐरणीवरची, हे ओळखता येत नाही.

म्हणून मी ज्याची घटकद्रव्ये माहीत आहेत अशी नवी पट्टी घ्यायला सांगतो. तिच्या बाबतीत निदान एक शंका कमी होते. तरीही कोणी आठवणीचा पाटा घेऊन आलाच, तर मी त्याला नाही म्हणू शकत नाही. आधी त्याचा एक तुकडा कापून कडक करतो, मोडतो आणि कण पाहतो. पण त्यातून त्या तुकड्यापुरतेच कळते. पात्यासाठी राखलेल्या भागात काय दडले आहे, ते कळत नाही.