पॅकिंग का जळलं?

१२.५, ६, ६.५, १२.५.

एप्रिलच्या शेवटी हे चार आकडे मी खडूनं गोठ्याच्या भिंतीवर लिहिले. आमच्या जिप्सीच्या चार सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत किती दाब धरला जातो ते, किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. या इंजिनाला १४ यायला हवं, १२च्या खाली चालत नाही, आणि कुठल्याही दोन सिलिंडरांत एकपेक्षा जास्त फरक नको. पहिला आणि चौथा अजून तग धरून होते. मधले दोन बसले होते.

गाडी १९९८ची जिप्सी किंग, १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटरवालं. बाबांनी घेतली, आता मी चालवते. मी जनावरांची डॉक्टर. आजऱ्याच्या आसपासच्या वाड्यांवरून भर पावसात रात्री दोनला फोन येतो, म्हैस अडली म्हणून. तेव्हा लाल चिखलाच्या चढावर फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये) टाकलेली हीच गाडी मला वर नेते. घरचे म्हणतात, आता दुसरी घे. मला हीच हवी आहे.

झालं असं, की सावंतवाडीहून परत येताना आंबोलीच्या घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा एकदम वर गेला. थांबले, बॉनेट उघडलं, अर्धा तास गार होऊ दिलं आणि हळूहळू घरी आले. दुसऱ्या दिवसापासून गाडी उभ्या जागी थरथरायला लागली आणि चढाला दम टाकायला लागली. कॉम्प्रेशन बघितलं ते त्यानंतर. मग २० मिलीच्या सिरिंजनं मधल्या दोन सिलिंडरांत थोडं इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर तेलानं आकडा चढला असता. तो चढला नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम जातात, तेव्हा बहुतेक त्या दोघांमधलं हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामधलं सील, जळालेलं असतं.

आमच्या शेजारचे काका एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. त्यांना भिंतीवरचे आकडे दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “ताई, पॅकिंग बदलणं काय अवघड न्हाई. ते का जळलं ते आधी शोधा. न्हाईतर दिवाळीला परत हेच करत बसाल.”

म्हणून हेडला पाना लावायच्या आधी रेडिएटर उतरवला. आणि थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचं, झाकण उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही! तीन-चार वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये तो काढून फेकला असणार. “आपल्याकडच्या गरमीला त्याची गरज नाही” हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय. मला हे अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत फिरत राहतं, इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त खातं. आणि आमच्या गाडीत त्याहून वाईट झालं. सपाटीवर काटा कायम खाली, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत राहिलं. तोवर रेडिएटर आतून बुजत चालला होता. आम्ही त्यात बोअरचंच पाणी घालत आलो, आणि आमच्या बोअरचं पाणी चहाच्या पातेल्यालासुद्धा पांढरा थर धरतं. गडहिंग्लजच्या रेडिएटरवाल्यानं वरची टाकी उघडून दाखवली तर निम्म्या नळ्या चुन्यानं बंद. घाटात लोड आला आणि ते उघडं पडलं. त्यानं रॉडिंग करून दिलं, म्हणजे एकेका नळीतून पातळ सळई घालून ती मोकळी केली.

हेड उतरवायला दोन दिवस लागले. बॅटरी सोडली, पाणी काढलं. कार्ब्युरेटरच्या होजपायपांना चिकटपट्ट्या लावून नंबर घातले, कारण त्या बारीक नळ्यांचं जाळं नंतर कुणालाच आठवत नाही. सायलेन्सरच्या पाइपाचे नट गंजून धरले होते, त्यांना तीन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ तेल पाजत होते. टायमिंग बेल्ट काढण्याआधी क्रँकची आणि कॅमची खूण जुळवून फोटो काढला. रॉकर (वॉल्व्ह दाबून उघडणारे छोटे दांडे) काढून अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबरवार ठेवले, जो जिथला तो तिथेच परत जायला हवा. हेडचे दहा बोल्ट बाहेरून आत असे थोडे थोडे सोडले. एकदम सोडले तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं.

हेड उचललं आणि दिसलं. दोन आणि तीनच्या मधली पॅकिंगची पट्टी बोटाच्या पेराएवढ्या लांबीत खाऊन गेलेली, कडा काळ्या, कुरतडल्यासारख्या. बाकी सगळं पॅकिंग शाबूत. तेवढ्या एका फटीतून दोन सिलिंडर एकमेकांत श्वास सोडत होते.

मग साफसफाई. माझ्या मते या सगळ्या कामातलं खरं काम हेच. या इंजिनाचा ब्लॉकही अॅल्युमिनियमचा, त्यावर लोखंडी पट्टी घासली की ओरखडा पडतो, आणि तो ओरखडा म्हणजे नव्या पॅकिंगला फितूर. काकांनी कोयत्यानं बांबूची कांब तासून चपटी धार काढून दिली. तिनं जुनं चिकटलेलं पॅकिंग खरवडायचं, थिनरच्या बोळ्यानं पुसायचं, परत खरवडायचं. दोन दुपारी त्यात गेल्या. बोल्टांच्या भोकांत तेल-पाणी उतरलं होतं. भोकात पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, तर पाणी दबत नाही. एकतर टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळण्याचा जोर, खोटा दाखवतो, नाहीतर ब्लॉकला तडा जातो. ते मी ५० मिलीच्या सिरिंजला सलाइनची नळी लावून एकेका भोकातून ओढून काढलं, मग कापसानं कोरडं केलं. इतक्या वर्षांत सिरिंज इतक्या मन लावून कधी वापरली नव्हती.

हेडवर सरळपट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, सरकवला. ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालतं. मधोमध ०.१२ची पाती आरामात गेली. म्हणजे हेड वाकलेलं. पोत्यात गुंडाळून ते एसटीनं कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात नेलं. तिथल्या शॉपमध्ये फेसिंग झालं (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट केला), वॉल्व्ह लॅप झाले (घासून घट्ट बसते केले), नवे सील बसले. तिथला म्हातारा कारागीर मशीन थांबवून दर वेळी तळहात फिरवून बघायचा, मगच गेज लावायचा. ते बघायला मी दोन तास उभी होते.

नवा थर्मोस्टॅट आणला, त्यावर ८२ कोरलेलं. बसवण्याआधी आईनं चुलीवर पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात तो दोरीला टांगला आणि डेअरीतला थर्मामीटर धरला. ७५ला काही नाही, ८०ला काही नाही. ८२-८३ला मधली चकती हळूच उचलली, जसं काही कुणी आतून दार ढकललं. आई म्हणाली, “एवढंसं हे, नि एवढ्या मोठ्या गाडीचं ह्याच्यावर अडलं होय?”

जोडणी उलट क्रमानं. बोल्ट या वेळी मधून बाहेर, तीन टप्प्यांत, आधी ३.५, मग ५.५, शेवटी ६.८ किलोग्रॅम-मीटर. टॉर्क पान्याचा “टक” आवाज आला की काका मान हलवायचे आणि मी पुढच्या बोल्टावर. बेल्ट चढवून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवलं, खुणा परत जुळल्या. टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामधली फट, थंड इंजिनावर लावले: इनटेकला ०.१५, एक्झॉस्टला ०.१८ मिलिमीटर. बोअरचं पाणी आता बंद. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं.

मिरगाच्या दोन दिवस आधी चावी फिरवली. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. काकांनी रेडिएटरच्या तोंडात टॉर्च मारून बुडबुडे येतात का (आले तर पॅकिंग अजून गळतंय) ते बघितलं, मग रॉकर कव्हरवर तळहात ठेवून उभे राहिले. काही बोलले नाहीत. काटा मधोमध आला आणि तिथेच थांबला.

त्यानंतर पाऊस लागला आणि गाडी रोज वाड्यांवर. हजार किलोमीटर झाल्यावर परवा टॅपेट पुन्हा तपासले, तिसऱ्याचा एक्झॉस्ट थोडा घट्ट झाला होता, तो परत ०.१८वर आणला. कॉम्प्रेशनही घेतलं. गोठ्याच्या भिंतीवर, जुन्या चार आकड्यांच्या खाली आता लिहिलंय: १३, १३, १२.८, १३.