दूध आणायला पण इस्त्रीचा शर्ट का?

सोसायटीत विचारतात, ऑफिसात विचारतात, आता तर मुलगीही विचारते, की रविवारी सकाळी दूध आणायला खाली जायचं तर इस्त्रीचा शर्ट, पट्टा, पॉलिशचे बूट कशाला. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो. हौस नाहीये ती.

आमचे साहेब शनिवारी हाफ पँट आणि स्लिपरवर ऑफिसला येतात आणि सगळे म्हणतात, किती साधा माणूस. त्यांचं आडनाव आणि इंग्रजी त्यांच्या आधीच पोचलेलं असतं. मी तसा गेलो तर मला साधा कोण म्हणणार?

सात वर्षांपूर्वी आबा गावाहून, म्हणजे महाड तालुक्यातून, पहिल्यांदा या फ्लॅटवर आले. पायजमा, मळका शर्ट, डोक्यावर युरियाच्या गोणीची शिवलेली पिशवी, त्यात तांदूळ आणि कुळीथ. मी गाडी लावून लॉबीत येतोय तोवर वॉचमनने त्यांना सांगितलं, कामवाल्यांची लिफ्ट मागे आहे. आबा "बरं साहेब" म्हणाले आणि गेले. मी ऐकलं. शेजारी दहाव्या मजल्यावरचे जोशी उभे होते आणि मी, मी गप्प राहिलो, दुसऱ्या लिफ्टने वर गेलो. दारात भेटल्यावर पहिलं वाक्य काय बोललो तर, आबा, नवा शर्ट का नाही घातला? ते म्हणाले, पिशवीत आहे रे, एसटीत चुरगळला असता, तुझ्याकडं येऊन घालणार होतो.

याच माणसाने तांब्यात निखारे भरून माझा शाळेचा गणवेश कडक केलाय, दहावीपर्यंत.

त्यामुळे मला "लोकांचं काय एवढं मनावर घेता" असं सांगू नका. १९२७ च्या डिसेंबरात आमच्याच महाडात बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं, लुगडं नेसायची पद्धत बदला, हातागळ्यातले ते कथलाचे न् चांदीचे दागिने सोडा, कारण त्यावरून अस्पृश्य कोण ते लांबून ओळखू यायचं. स्वतः सुटाबुटात असायचे ते काय उगीच?

पण पंचविशीत मला वाटायचं, कपडे नीट केले की झालं, विषय संपला. नाही संपत. बूट चकाचक असले तरी दुसरा प्रश्न "पूर्ण नाव काय" हाच येतो. आणि खरं सांगायचं तर गेल्या महिन्यात झिजलेल्या चपलांतला एक मुलगा मेन लिफ्टमध्ये शिरला तेव्हा "कुणाकडे जायचंय?" असं मीच विचारलं. बाराव्या मजल्यावर राहतो तो, भाड्याने. वॉचमनला तरी कमिटीने सांगितलेलं होतं, मला कोणी सांगितलं होतं?

आबा आता नाहीत. ती गोणीची पिशवी आहे अजून, मजबूत आहे, पाच किलो कांदे आरामात मावतात. दर रविवारी मंडईला जाताना ती हातात घेतो, दारापर्यंत जातो आणि परत येऊन दुसरी घेतो.