चार नंबरचा सिलिंडर

स्टुअर्ट रणगाड्याचं इंजिन मुळात विमानाच्या घराण्यातलं. कॉन्टिनेन्टलचं सात सिलिंडरचं रेडियल, ११ लिटरच्या आसपास. सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल बसवलेले. एक नंबर माथ्यावर, चार आणि पाच तळाशी, डोकं खाली करून. इंजिन बंद झालं की ऑइल रिंगांमधून झिरपत या दोघांत उतरतं. ऑइल काही दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनला ते आडवं आलं की वाकतो तो पिस्टनला जोडलेला रॉड. म्हणून सुरू करायच्या आधी हँडल लावून इंजिन हाताने फिरवायचं. अडलं तर जोर करायचा नाही, खालचे प्लग काढून ऑइल सोडून द्यायचं. हा नियम मीच खडूने शेडच्या भिंतीवर लिहिला होता. मोडला तोही मीच.

भोसरीला माझं छोटं वर्कशॉप आहे. लष्कराच्या एका संस्थेत चौथऱ्यावर उभा असलेला स्टुअर्ट चालता करायचा म्हणून ओळखीतून बोलावणं आलं. काम चौदा महिने चाललं. त्यातले पहिले दोन रंग खरवडण्यात गेले. दर २६ जानेवारीच्या आधी कुणीतरी ब्रश घेऊन बिजागऱ्या, ग्रीस निपल, नटांचे आटे, दिसेल ते रंगवत आलं होतं. एक पापुद्रा व्हर्नियरने मोजला, दोन मिलिमीटर भरला. साफ करण्यापेक्षा रंगवणं सोपं, हे सरकारी खात्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

खरा जीव खाल्ला तो मॅग्नेटोंनी, म्हणजे प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या यंत्रांनी. दोन मॅग्नेटो, दर सिलिंडरला दोन प्लग. थंड असताना ठिणगी झकास, तापलं की गायब. कॉइल आतून गेलेली. बुधवार पेठेत तिघांनी बघूनच हात जोडले. चौथे एक सत्तरीचे गृहस्थ. भिंग लावून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "केसापेक्षा बारीक तार आहे. घाई असेल तर आत्ताच घेऊन जा." दीड महिना ठेवून घेतल्या. पण अशी ठिणगी दिली की ती बघायला मी पोरांना शेडमधले दिवे घालवायला लावले. पेट्रोलची वेगळीच कटकट. ऑक्टेनचा प्रश्न नव्हता, हे इंजिन ८० ऑक्टेनवरही चालतं. पण हल्लीच्या पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल जुनं रबर खातं. पंपाचा डायफ्रॅम आठवड्यात पापडासारखा फुगला. शेवटी इथेनॉलला दाद न देणाऱ्या व्हायटॉन रबराची शीट आणून नवा कापला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठला नियमाप्रमाणे हँडल मारलं, सुरू केलं, पाच मिनिटं चालवून बंद केलं. पाहुणे साडेनऊला येणार होते. आले सव्वाअकराला. तोवर येणारा जाणारा विचारत होता, "हाच का तो जोजिलाचा?" काश्मीरच्या लढाईत १ नोव्हेंबर १९४८ ला आपल्या लष्कराच्या ७ कॅव्हलरीने याच जातीचे रणगाडे जोजिला खिंडीत साडेअकरा हजार फुटांवर नेले होते. जम्मूहून श्रीनगरला नेताना कुणाला कळू नये म्हणून टरेट, म्हणजे वरचे तोफेचे घुमट, उतरवून नेले होते. आमच्याकडच्या हवालदाराने एकच उत्तर ठरवून ठेवलं होतं, "त्याचा भाऊ."

पाहुणे आले, बँड थांबला, मेजरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. हवालदार हळूच म्हणाला, "काका, हँडल?" हँडल लावायचं म्हणजे मागे जाऊन सगळ्यांसमोर दहा मिनिटं घाम गाळायचा. सकाळीच तर चालवलंय, असं मनात म्हटलं आणि अंगठा दाखवला. सकाळी चालवलं होतं म्हणूनच तर ऑइल गरम होऊन पातळ झालेलं, हे मला त्या क्षणी सुचू नये?

सेल्फचा आवाज चढला, मग एक "थड्". दार आपटल्यासारखा. लगेच पांढऱ्या धुराचा लोट आणि इंजिन सुरू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रणगाडा मैदानाला फेरी मारून आला. एका बाईंनी लेकराला उचलून दाखवला. मी हसत उभा होतो आणि कान त्या ठोक्यावर.

संध्याकाळी प्लगच्या भोकातून सळई घालून पिस्टन वर आल्यावरचं अंतर मोजलं. पाच नंबरपेक्षा चारमध्ये पिस्टन जवळजवळ तीन मिलिमीटर खाली राहतोय. तीनदा मोजलं.

दुसऱ्या दिवशी मेजरसाहेबांना सांगितलं, रॉड वाकलाय, इंजिन बाहेर काढावं लागेल. ते म्हणाले, "चल रहा है ना?" पंधरा ऑगस्टलाही फेरी ठरलेली आहे. जुनं इंजिन, व्हायचंच असं काहीतरी, अशी त्यांनीच माझी समजूत घातली आणि मी मान डोलावली. हँडल न मारल्याचं सांगितलं नाही. हवालदार शेजारीच उभा होता. तोही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

निघताना दोन्ही मॅग्नेटोंचे पॉइंट काढले, त्यांच्याशिवाय ठिणगी पडत नाही, आणि फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात घालून घरी आणले. काल हवालदाराचा फोन आला, "काका, साहेब विचारतायत, सेल्फ फिरतो पण गाडी उचलत नाही. काय सांगू?"

म्हटलं, सांग, काका येऊन बघतो म्हणाले.