दाराच्या आतला माठ

घोडबंदर रस्त्यावरच्या कार अ‍ॅक्सेसरीजच्या एका दुकानात परवा दुपारी मी माझ्या गाडीच्या दाराचे पोट प्रथमच पाहिले. कारागिराने क्लिपा सोडवून आतले पॅनेल उतरवले, कंपनीने बसवलेला स्पीकर काढून माझ्या हातावर ठेवला आणि मला उगीचच वाईट वाटले. कागदाचा कोन, प्लॅस्टिकची चौकट आणि मागे जेमतेम चुंबक म्हणता येईल असे काहीतरी. सगळे मिळून वजनाला पापडासारखे.

मला काही छाती हादरवणारा बास नको होता. सिग्नलला शेजारी उभ्या राहणाऱ्या ज्या गाड्यांच्या काचा थरथरत असतात, त्यांच्या मालकांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. माझी खोड वेगळी आहे. विविध भारतीवरचा निवेदक माझ्या गुडघ्यापाशी बसून बोलतो, हे मला सहन होत नाही. त्याने समोरून बोलावे. त्यासाठी साडेसहा इंची कंपोनंट सेट घेतला. त्यात खालच्या सुरांचा वूफर दारात राहतो, वरच्या सुरांचा ट्वीटर काचेलगतच्या खांबावर चढतो आणि कोणते सूर कोणाकडे जायचे हे क्रॉसओव्हर ठरवतो. खोक्यावर ठळक छापलेल्या वॅटच्या आकड्याकडे मी पाहिलेही नाही. बारीक अक्षरात आरएमएस म्हणून, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकेल असा जो असतो, तोच काय तो खरा. मूळ वायरी न कापता कपलर लावायचा, हेही आधीच बजावून ठेवले होते.

पण खरी गंमत स्पीकर बसण्याच्या आधी झाली. कारागिराने दाराच्या पत्र्यावर डॅम्पिंगची, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारी काळी, चिकट शीट छोट्या रोलरने दाबून दाबून बसवली, आतल्या पत्र्याची मोठी भोकेही तिनेच बुजवली, पावसाचे पाणी निथळण्यासाठी तळाशी असलेली बारीक छिद्रे तेवढी मोकळी ठेवली आणि मग स्पीकरच्या कडेला फोमची गोल पट्टी लावली. ती पट्टी पाहिली आणि मला नौपाड्यातल्या आमच्या चाळीतला काका आठवला.

काकाने एका मोडक्या रेडिओतून मोठा गोल स्पीकर काढला होता आणि तो माठाच्या तोंडावर पालथा न घालता आभाळाकडे तोंड करून बसवला होता. माठ कापडाच्या चुंबळीवर, माठाच्या काठावर सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली गोल पट्टी आणि तिच्यावर स्पीकर. तिथून निघालेल्या दोन वायरी टेपरेकॉर्डरला जोडलेल्या. रविवारी दुपारी त्यातून तबला वाजू लागला की डग्ग्याचा घुमारा थेट जिन्यापर्यंत ऐकू जाई आणि पाण्याचा माठ कुठे गेला म्हणून आजी स्वयंपाकघरातून विचारत राही. ट्यूबची पट्टी काढली की तोच डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, हे काकाने आम्हा मुलांना पुन्हा पुन्हा काढून-घालून दाखवले होते. स्पीकरच्या पाठीमागून निघणारी लाट पुढच्या लाटेच्या नेमकी उलट असते. ती फटीतून पुढे आली की दोघी एकमेकींना मारतात आणि पहिला बळी खालच्या सुरांचा जातो. काकाने हे कुठे वाचले असेल असे वाटत नाही. गाडीचे दार म्हणजे कंपनीने भोके पाडून दिलेला माठच, आणि शीट लावल्यावर ते बंद करताना ‘ठण्ण’ऐवजी ‘धप्प’ वाजू लागले, तेव्हाच निम्मे पैसे वसूल झाले होते.

उरलेले निम्मे प्रोसेसरवर, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज हवा तेवढा उशिरा सोडणाऱ्या डबीवर गेले. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा स्पीकर त्याला जवळ आणि डावा लांब पडतो. हा फरक अर्ध्या मीटरचा धरला, तर आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो या हिशेबाने दोन्ही आवाज कानाशी एकदम पोहोचावेत म्हणून उजव्या बाजूला दीड मिलिसेकंद थांबवून ठेवावे लागते. तेवढे थांबवले आणि निवेदक डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बोलू लागला. माजिवड्याच्या पुलावर ट्रकांच्या गर्दीतही तो जागचा हलला नाही.

“अहो, हा माणूस माझ्या कानात का बोलतो आहे?” शेजारच्या सीटवरून पत्नीने विचारले.

तिचे बरोबर होते. तिच्या बाजूचा स्पीकर आधीच जवळ, त्यात आता तो पहिला बोलणार; हे गणित एका वेळी एकाच खुर्चीचे सुटते. तेव्हा सगळ्यांसाठी म्हणून विलंब नसलेले दुसरे सेटिंग साठवले आहे आणि माझे सेटिंग मी एकटा असतानाच लावायचे, असे ठरले आहे. गाडीत मी एकटा फारसा नसतोच, कारण ऑफिसला मी लोकलने जातो.