पोळ्याच्या गावात कॅमेऱ्याचा पट्टा

नागपूरहून बुटीबोरी ओलांडून वर्ध्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, सोयाबीन आणि मधूनच तुरीचे तास. श्रावण संपत आलेला. पाऊस उघडला तरी हवेतला दमटपणा हटत नाही, सदरा पाठीला चिकटलेलाच राहतो. मैत्रिणीचं माहेर सेलू तालुक्यात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढच्या पोळ्याला तिथे कॅमेरेवाल्यांची रांग लागायला नको.

परत आल्यावर फोटो ज्यांना ज्यांना दाखवले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी बैलांपेक्षा एका फोटोत दिसणाऱ्या माझ्या खांद्यावरच्या पट्ट्याबद्दलच विचारलं. म्हणून हे प्रवासवर्णन पट्ट्याच्या वाटेनं जाईल. पुरणपोळ्यांबद्दल फार मिळणार नाही, आधीच सांगते.

आधी वजनाचं. माझ्याकडे फुलफ्रेम मिररलेस बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, तिच्यावर २४-७० एफ ४ ही लेन्स. दोन्ही मिळून सव्वा किलोच्या आसपास. पिशवीत ७०-२०० एफ २.८ ही लांबचं टिपणारी मोठी लेन्स, ती एकटीच जवळजवळ दीड किलो. ती लावली की दोन किलोंच्या वर जातं. ऐकायला काहीच नाही, दुकानातून तेलाच्या दोन पिशव्या आपण हातात धरून आणतोच. पण त्या सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गळ्यात अडकवून कोणी गावभर फिरत नाही.

कॅमेऱ्याच्या खोक्यात जो पट्टा येतो तो नेमकं हेच करायला लावतो. अरुंद, गळ्यात घालायचा आणि वर कंपनीचं नाव लांबूनही वाचता येईल अशा अक्षरांत. सगळा भार मानेच्या मागच्या बाजूला पडतो, डोकं नकळत पुढे येतं, संध्याकाळपर्यंत पाठीच्या वरच्या भागात कळ लागते. शिवाय आपण वाकलो की कॅमेरा पुढे झुलतो. गोठ्यात फोटो काढताना माणूस सतत वाकत असतो आणि समोर पाण्याचं टाकं नाहीतर शेणाचं टोपलं असतंच. खोक्यातला पट्टा मी घरीच ठेवते. हलकी बॉडी नि छोटी लेन्स असेल तर त्याचं काही बिघडत नाही, हेही खरं.

सेलूला पोळ्याचा बाजार भरला होता. झुली, मठाट्या, घुंगरमाळा, चवर, बेगड, वेसणी, म्होरक्या आणि ढिगानं कासरे. सुती कासरा आणि नायलॉनचा कासरा शेजारी शेजारी टांगलेले. नायलॉनचा स्वस्त, रंगीत, पावसात न कुजणारा. मैत्रिणीचे वडील, काकाजी, सुतीच घेत होते. का, विचारलं तर दुकानदारच बोलला, "नायलॉन टिकते ताई, पन बैलानं वढलं का हातबी कापते आन् बैलबी. सुताचा आंगाले लागत नाही."

कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अगदी हाच पेच आहे. नायलॉनची विणलेली पट्टी, गाडीच्या सीटबेल्टसारखी, मजबूत असते आणि गुळगुळीत असते. एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेकडे तिरपी घातली तर हा गुळगुळीतपणा फायद्याचा: कॅमेरा डोळ्याशी नेताना पट्टी सदऱ्यावरून सुळकन सरकते. तीच पट्टी एकाच खांद्यावर नुसती अडकवली तर घसरते आणि दर दहा पावलांनी खांदा उचकावा लागतो. तिथे आतून रबराचे ठिपके असलेला पट्टा बरा. पण रबराचा पट्टा तिरपा घातला तर कपडे ओढत वर येतो. म्हणजे आपण पट्टा कसा घालणार हे आधी ठरवायचं, कापड मग. दुकानात हे कोणी विचारत नाही.

निओप्रीनच्या जाड, मऊ पट्ट्यांचं बऱ्याच लोकांना वेड आहे. ते ताणले जातात, त्यामुळे वजन कमी झाल्यासारखं वाटतं. कमी काही होत नाही, फक्त धक्का मऊ लागतो, आणि चालताना कॅमेरा वरखाली उड्या मारतो. त्यातून हवा जात नाही. विदर्भातल्या या हवेत तासाभरात त्याच्या खाली घामाचं पाणी साचतं. चामड्याचा पट्टा दिसतो देखणा, पण घाम आणि पाऊस आलटून पालटून बसले की कडक होतो, पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी रंग सोडतो आणि पावसाळ्यात कपाटात ठेवला की त्याच्यावर बुरशी धरते. चामडं हिवाळ्यासाठी ठेवावं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांद शेकणी. वर्षभर जू ज्या जागी बसतं ती बैलाची जागा गरम पाण्यानं धुतात, हळद-लोण्यानं चोळतात, पळसाच्या पानांनी शेकतात. मग बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. काकाजींकडे आता एकच जोडी उरली आहे, नांगरटीला ट्रॅक्टर येतो. तरी हे सगळं यथासांग. मी गोठ्याच्या दाराशी उकिडवी बसून २४-७० नं फोटो काढत होते. उजेड म्हणजे पिवळ्या बल्बचा, बैलांचे खांदे लोण्यानं चकाकत होते.

बैलाच्या खांद्यावर हात फिरवत काकाजींनी दाखवलं, की जू गुळगुळीत आणि रुंद टेकलं तर कातडी शाबूत राहते, एका कडेवर टेकलं तर खांदा सुजतो. वजन तेवढंच, फक्त ते किती जागेवर पसरलं याचा फरक. पट्ट्याची रुंदी मी तेव्हापासून याच हिशेबानं बघते. छोट्या कॅमेऱ्याला बोटभर रुंदीची दोरी चालते. दोन किलोंना चार-पाच सेंटिमीटर हवेतच, आणि कड शिलाईनं कडक झालेली नको. कडेनंच कापतं.

त्या दिवशी मी एक अरुंद पट्टा लावून बघत होते. सदऱ्याचा गळा जरा सरकला तेव्हा मैत्रिणीच्या आजीला वळ दिसला. "हिचाबी खांदा शेकून द्या रे बाप्पा! पाहा ना, कसा लाल झाला." गोठाभर हसू. लोणी मात्र मिळालं नाही, ते बैलांपुरतंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साज चढवताना मी तिरपा पट्टा घालून तयार झाले. हा प्रकार माझा आवडता. कॅमेरा कमरेशी लटकतो, दोन्ही हात मोकळे, भार खांद्यावरून पाठीवर पसरतो. बायकांसाठी एक अडचण, जी पुरुषांच्या लिखाणात सहसा सापडत नाही: पट्टा छातीवरून जातो. जाड पॅडचा असेल तर टोचतो, नीट बसत नाही. पातळ, मऊ पट्टी आणि फक्त खांद्यापुरतं पॅड असलेला पट्टा घ्यावा. आणि ओढणी घरी ठेवावी, ती क्लिपमध्ये अडकतेच.

काकाजींचे गडी, वयानं माझ्या वडिलांएवढे, माझ्या पट्ट्याकडे बघत होते. त्यांनी बैलाचं दावं खुंटाला बांधलं होतं सुरगाठीनं. बैल कितीही ओढो, गाठ पक्की बसते. माणसानं मोकळं टोक एकदा खेचलं की सुटते. ते म्हणाले, "ताई, बैलाचं शिंग ह्याच्यात गेलं त कशे सोडसान?"

हा प्रश्न मी वाचलेल्या कुठल्याच परीक्षणात नव्हता. पट्टा सुरक्षित म्हणजे काय, तर कॅमेरा पडू नये आणि चोराला नेता येऊ नये, एवढंच आपण धरून चालतो. पट्टा कापला जाऊ नये म्हणून आत स्टीलची तार घातलेले पट्टे मिळतात. रेल्वेच्या गर्दीत ते ठीक. गावाच्या पोळ्यात पट्टा कापून पळणारा कोणी भेटत नाही. इथे शिंगं असतात, कासरे असतात, भोवती पोरं असतात. अंगाभोवती वेढलेला, कधीच न तुटणारा पट्टा कशात अडकला तर कॅमेरा सुखरूप राहील आणि आपण फरफटत जाऊ. गळ्यातला पट्टा तर अशा ठिकाणी घालूच नये.

माझ्या पट्ट्याला छातीपाशी दोन बाजूंनी दाबायची क्लिप होती. गडीभाऊंना दाखवली. त्यांनी स्वतः दाबून पाहिली, पुन्हा लावली, जोरात ओढून पाहिली. "आता जा," म्हणाले. क्लिप छातीवर, उजव्या हाताला सापडेल अशी हवी. पाठीवर गेली तर ती असून नसल्यासारखी. एक सावधगिरी: क्लिप उघडली की कॅमेरा मोकळा होतो, म्हणून दुसरा हात कॅमेऱ्यावर ठेवूनच ती दाबायची सवय घरी करून घ्यावी.

आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याच्या खाली जोड्यांची रांग. मानाची जोडी पुढे. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, सुरू झाल्या, एकानं म्हणायची, दुसऱ्यानं तिला वरचढ म्हणायची, शेवटी सगळ्यांचा हर हर महादेव. त्यात सरकारला टोमणे, सोयाबीनच्या भावाला टोमणे, सरपंचाला तर समोरासमोर. मग तोरण तुटलं आणि पोळा फुटला. बैल, माणसं, डफडं, चिखल, सगळं एकदम सुटतं. मी भिंतीच्या कडेला उभी राहिले, पट्टा ओढून आखूड केला आणि कॅमेरा कमरेच्या जरा वर पाठीशी घट्ट बसवला. एका हातानं ओढून लांब-आखूड करता येणारं बक्कल इथे कामाला येतं. सुटलेल्या बैलासमोर पट्ट्याच्या लूपमध्ये टोक घालत बसायला वेळ नसतो.

नंतर बैल दारोदार जातात. घरच्या बाया त्यांचे पाय धुतात, ओवाळतात, पुरणपोळी चारतात, गड्याला बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिशी, देतात. माझे चांगले फोटो सगळे याच वेळचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात. नांगराला सुट्टी, पण गायबगळे कोणाची सुट्टी मानत नाहीत. ७०-२०० लावली. काळ्या मातीचा धुरा, म्हणजे बांध, पावसानंतर साबणासारखा होतो, दर पावलाला चप्पल मातीत राहते, तोल सावरायला दोन्ही हात लागतात. अशी जड लेन्स बॉडीच्या कड्यांवर लटकवू नये, तिचं सगळं वजन माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीत बसते त्या कड्यावर येतं. लेन्सला स्वतःची कॉलर, म्हणजे भोवती बसणारं कडं असतं, तिच्या पायाला पट्टा लावायचा. कॅमेरा मग उलटा, लेन्स खाली करून लटकतो आणि चालताना पायाला कमी आपटतो.

तिरपे पट्टे बहुतेक ट्रायपॉडच्या भोकातच स्क्रूनं बसतात. हा स्क्रू पाव इंच जाडीचा, इंचाला वीस आट्यांचा, जगभर सारखाच. सोय तीच आणि धोकाही तिथेच: चालताना कॅमेरा वळतो आणि वळता वळता स्क्रू ढिला होतो. पांदण रस्त्यावर मोटरसायकलवरून गेलो तर आणखी लवकर. स्क्रूखाली रबराचं वॉशर हवं, आणि उतरल्यावर बोटानं एकदा पिळून बघायचं. बॉडीच्या कड्यापासून पट्ट्याच्या हुकापर्यंत एक छोटी, बारीक, मजबूत दोरी बांधून ठेवावी, स्क्रू सुटलाच तर कॅमेरा तिच्यावर लोंबकळतो. पीक डिझाइन या कंपनीच्या, पट्टा कॅमेऱ्याला जोडणाऱ्या गोल बिल्ल्यांची दोरी नव्वद किलो वजन पेलते असं कंपनी सांगते. ती झिजली की आतला वेगळ्या रंगाचा धागा दिसू लागतो, दिसला की बदलायची. त्या पट्ट्याची किंमत काकाजींनी विचारली होती. मैत्रिणीनं माझ्याआधीच उत्तर दिलं, आणि जी सांगितली ती खरीच्या पावपट होती. तरीही ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

तान्ह्या पोळ्याला सिंदी रेल्वेला गेलो. लाकडी बैल घेऊन पोरं निघतात. काहींचे तळहातावर मावणारे, काहींचे गाड्यावर चढवलेले, पोरापेक्षा उंच, सजवलेले नंदी. सिंदीचा तान्हा पोळा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. इथे शिंगांची भीती नाही, पण गर्दी कमरेच्या उंचीची. कमरेशी लटकणारा कॅमेरा म्हणजे थेट एखाद्या पोराच्या कपाळाशी. तिरपा पट्टा काढून ठेवला, मोठी लेन्स पिशवीत घातली आणि मनगटाचा पट्टा लावला. मनगटाच्या पट्ट्याला ओढल्यावर आवळणारी कडी असावी, नाहीतर हात सैल सोडला की निसटतो. सव्वा किलो यावर चालतं, पण तासाभरानं बोटं आखडतात. मग उंबऱ्यावर बसून कोणाच्या तरी घरचा चहा घ्यावा लागतो, याची तक्रार नाही.

दोन कॅमेरे टांगायचा खांद्यांचा जोड पट्टा मैत्रिणीच्या भावानं आणला होता. वजन दोन्ही खांद्यांवर खरंच छान विभागलं जातं. पण गावात शिरल्यापासून त्याला लोक लग्नाच्या तारखा विचारत होते, आणि एकानं तर आगाऊ रक्कमही देऊ केली.

वर्ध्याला परतताना दोराच्या दुकानात सुती नवार दिसली, खाटेची, चांगली रुंद. हल्ली बहुतेक प्लास्टिकचीच मिळते. दोन मीटर घेतली आणि चौकातल्या मोचीकाकांना जुन्या पट्ट्याची बक्कलं नि क्लिप काढून दिली. त्यांनी जोडावर चौकोन शिवला, आत फुली मारली, धाग्याला मेण लावलं आणि शिवून झाल्यावर जोडाला पाय लावून दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. नवार घाम शोषते, खांद्यावर सरकत नाही, कड मऊ. भिजली की मात्र जड होते आणि सावकाश वाळते, म्हणून पावसात नायलॉनचाच पट्टा. आणि पहिल्या धुण्यात नवार आखडते. शिवायला देण्याआधी ती रात्रभर पाण्यात ठेवून वाळवावी, नाहीतर लांबी चार बोटं जास्त ठेवून घ्यावी.